पोमोदोरो ऊर्फ वेलवांगी : एका रसाचा इतिहास

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या तयारीची पहिली बैठक झाली, तेव्हा आनंद मेळाव्याच्या विषयावर नेहमीप्रमाणे बराच वेळ गेला. थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ, पुरणपोळी, खरवस हे स्टॉल ठरलेले असतात आणि कोणता कोणाकडे जाणार हेही बहुतेक ठरलेलेच असते. शेवटी युवा शाखेच्या मुलींनी पास्त्याचा स्टॉल मागितला. त्यांत आमची कन्याही होती. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते शांतपणे म्हणाले, "अगं पोरींनो, गणपतीत तरी आपलं ते करा. बाहेरचं वर्षभर आहेच." मुली गप्प झाल्या. आम्हीही काही बोललो नाही. नानांना उलट बोलण्याची आमची प्राज्ञा नाही. आमची मुंज याच सभागृहात त्यांच्या देखरेखीखाली लागली आहे.

इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे असते. "विषय पुढील वर्षी विचारार्थ ठेवावा" असे लिहून आम्ही वही मिटली. सरकारी नोकरीत हे वाक्य आम्हाला फार उपयोगी पडले आहे. पण घरी आल्यावर कन्येने विचारले, "बाबा, आपलं म्हणजे नक्की किती वर्षांचं?" उत्तर सुचले नाही. मग वर्षभर सवड मिळेल तसे वाचत गेलो. आम्ही स्थापत्य शाखेचे पदविकाधारक, इतिहासाचे नव्हे. तेव्हा हा लेख एका उपयंत्र्याने केलेली स्थळपाहणी समजून वाचावा.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या घरांत 'सॉस' म्हटले की डोळ्यांसमोर समोशाबरोबरची लाल बाटली येते. तो केचप. त्याचे घराणेच वेगळे. केचप हा शब्द मुळात चिनी किनाऱ्यावरच्या, मासे आंबवून केलेल्या पातळ कालवणाचा. तो इंग्रजांनी उचलला, आणि त्यात टोमॅटो शिरला तो अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात. साखर आणि व्हिनेगर घालून टिकवलेला हा पदार्थ इटालियन माणूस पास्त्यावर घालताना पाहील तर त्याला जे वाटेल, ते आपल्याला पुरणपोळीवर जॅम पाहून वाटेल. आम्ही बोलतो आहोत तो रस म्हणजे टोमॅटो शिजवून, गाळून, तेलात थोडा आटवून पास्त्याला माखतात तो. इटालियन लोक त्याला कधी साल्सा म्हणतात, कधी सूगो. या दोन शब्दांवरून त्यांच्यातही वाद आहे. तो पुढे येईलच.

आता पास्ता. मार्को पोलोने तो चीनमधून आणला ही गोष्ट आम्हीही शाळेपासून ऐकत आलो. ती खरी नाही. मार्को पोलो परतला १२९५ साली. त्याच्या जवळजवळ दीड शतक आधी, ११५४ साली, अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराने लिहून ठेवले आहे की सिसिली बेटावर त्राबिया नावाच्या गावी शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर बनतो आणि जहाजांतून बाहेरगावी जातो. म्हणजे पास्ता जुना आहे यात शंका नाही. पण तो खात कसा? १५७० साली बार्तोलोमेओ स्काप्पी या पोपच्या आचाऱ्याने भलाथोरला ग्रंथ छापला. त्यात मॅकरोनी चांगली अर्धा तास शिजवायची, आणि वर चीज, साखर, दालचिनी. साखर आणि दालचिनी! आमच्या सौ.ना हे वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे शेवयांचा शिराच की."

श्रीमंतांची ही तऱ्हा. गरिबाच्या पानात नुसते किसलेले चीज. नेपल्सच्या लोकांना एके काळी 'पालाखाऊ' म्हणून चिडवीत, कारण ते कोबीच्या जातीच्या पालेभाज्यांवर जगत. सतराव्या शतकात कणीक मळण्याची आणि दाबून काढण्याची यंत्रे सुधारली, मॅकरोनी स्वस्त झाली, आणि त्याच लोकांना 'मॅकरोनीखाऊ' हे नवे नाव पडले. रस्त्यावर कढया उकळत, माणसे उभ्याने हातात लांब सळ्या धरून, मान मागे टाकून तोंडात सोडीत. जर्मन कवी गटे १७८७ साली नेपल्सला गेला होता. त्याने या मॅकरोनीचे वर्णन केले आहे : स्वस्त, सर्वत्र मिळणारी, पाण्यात उकडलेली आणि वर किसलेले चीज. टोमॅटोचे नाव नाही. म्हणजे १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेब पडले, तेव्हा नेपल्सचा मजूर मॅकरोनी खात होता खरा, पण पांढरी.

मग टोमॅटो तोवर कुठे होता? इटलीतच होता, दोनशे वर्षांहून अधिक काळ. नुसता होता.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले; पण त्याला माणसाळवून मोठा केला तो मेक्सिकोत. नावही तिथलेच, अझ्टेकांच्या भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलेले. स्पॅनिशांनी १५२१ साली त्यांची राजधानी घेतली. पुढे साहागून नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने तिथल्या लोकांची रीतभात त्यांच्याच भाषेत लिहून घेतली. त्यात बाजारात कालवणे विकणारी माणसे आहेत. त्यांच्या मडक्यांत टोमॅटो, मिरची आणि भोपळ्याच्या बिया. हे वाचताना आम्हाला वऱ्हाडातली किंवा खानदेशातली एखादी पाट्यावरची चटणी आठवली. सांगायचे ते इतके की टोमॅटोचा रस करण्याची कल्पना मुळात इटलीची नाही. ती मेक्सिकोच्या बाजारातल्या, नाव माहीत नसलेल्या बायकांची.

इटलीत टोमॅटोची पहिली छापील नोंद १५४४ सालची. मात्तिओली नावाच्या वैद्याने जुन्या ग्रीक वनौषधी ग्रंथावर टीका लिहिली; त्यात वांग्याबद्दल लिहिताना तो म्हणतो की आपल्या काळात वांग्याची आणखी एक जात इटलीत आली आहे, चपटी, पाकळ्यापाकळ्यांची, आधी हिरवी आणि पिकल्यावर सोनेरी, आणि ती वांग्यासारखीच तेल-मीठ-मिरी लावून खातात. दहा वर्षांनी त्याने तिला नाव दिले 'पोमी दोरो', सोन्याची सफरचंदे. त्यावरून आजचे पोमोदोरो.

या ठिकाणी आम्ही पुस्तक खाली ठेवले. कारण आपल्या मराठीत टोमॅटोचे जुने नाव काय आहे? वेलवांगी! हिंदीत विलायती बैंगन, बंगालीत बिलिती बेगुन. कुठे फ्लोरेन्स, कुठे पुणे, कुठे कोलकाता. तीनशे वर्षांच्या अंतराने तिन्हीकडच्या माणसांनी हे नवे फळ हातात घेतले आणि म्हटले, हे तर वांगेच. आणि ते बरोबरच होते, कारण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघे एका कुळातले. वऱ्हाडात त्याला भेदरं म्हणतात. आमच्या इंदूरच्या मंडीत टमाटर, घरात टोमॅटो, आणि अमरावतीकडून आलेल्या आमच्या वहिनींच्या तोंडी अजून भेदरंच असते. एका घरात तीन नावे चालतात.

१५४८ च्या ऑक्टोबरची ३१ तारीख. कोसिमो द मेदिची हा फ्लोरेन्सचा ड्यूक तेव्हा पिसा गावी होता. त्याच्या मळ्यातून टोमॅटोची एक टोपली आली. घरच्या कारभाऱ्याने ड्यूकच्या चिटणिसाला पत्र लिहून पोच दिली की टोपली सुखरूप पोहोचली; ती उघडली तेव्हा सगळे विचारात पडून एकमेकांकडे बघत राहिले. आम्हा सरकारी माणसांना ही पोचपावती फार आवडली. माल मिळाला, पण याचे करायचे काय, यावर अभिप्राय नाही.

तो अभिप्राय यायला दीड शतक लागले. बागेत शोभेला लावत, चित्रात काढत, पण पानात घ्यायला लोक कचरत. त्याच कुळात धोत्रा येतो, बेलाडोनासारखी विषारी झाडे येतात, हे युरोपच्या वैद्यांना ठाऊक होते. शिवाय जुन्या वैद्यकाप्रमाणे ते फळ थंड आणि ओलसर, म्हणून पचनाला वाईट. या शंकेला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्या आजी शेवटपर्यंत टोमॅटोला स्वयंपाकघरात येऊ देत नसत. "चिरला की मांसासारखा दिसतो" एवढे एकच कारण. आमची आई टोमॅटोचे सार करायची ते अंगणात शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. आजी ओसरीवरून पाहायच्या आणि ताकाची वाटी जवळ ओढून घ्यायच्या. आम्ही दोन्हीकडे जेवायचो.

असो. इटलीतल्या पहिल्या छापील टोमॅटो रसाचे श्रेय अंतोनिओ लातिनी याला जाते. हा अनाथ मुलगा, घरोघरी चाकरी करत करत नेपल्समधल्या एका बड्या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या मुदपाकखान्याचा कारभारी झाला. नेपल्सवर तेव्हा स्पेनचे राज्य होते. त्याने १६९२ ते १६९४ या काळात दोन भागांत आपले पुस्तक छापले. आपल्याकडे त्या वेळी राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. लातिनीची कृती अशी : पाच-सहा पिकलेले टोमॅटो निखाऱ्यावर भाजावेत, साल काढावी, सुरीने बारीक चिरावेत. त्यात बारीक चिरलेला कांदा, तशीच मिरची, थोडी रानओव्यासारखी सुगंधी पाने, मीठ, तेल आणि व्हिनेगर. उकडलेल्या मांसाबरोबर वाढावे. कृतीचे नाव 'स्पॅनिश पद्धतीचा' रस. पास्त्याचा कुठे उल्लेख नाही.

आम्ही रविवारी हे करून पाहिले. गॅसच्या आंचेवर टोमॅटो भाजले, रानओव्याच्या जागी ओव्याची चार पाने घातली, व्हिनेगरच्या जागी लिंबू. सौ.नी चाखून सांगितले, "ही तर आपली भाजलेल्या टोमॅटोची चटणी." बाजरीच्या भाकरीबरोबर संपली. मेक्सिकोतल्या कालवणाचे आणि या चटणीचे नाते उघड आहे; मध्ये स्पेनचे जहाज आहे, म्हणून तर ते नाव.

पुढची पायरी हळूहळू चढली गेली. १७७३ साली, म्हणजे शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला त्या वर्षी, नेपल्समध्ये विन्चेन्झो कोर्रादोचे पाकपुस्तक निघाले. त्यात टोमॅटोला बराच मान आहे, पोकळ करून सारण भरण्यापर्यंत. १७९० साली फ्रान्चेस्को लेओनार्दी याने, जो रशियाच्या कॅथरीन राणीच्या स्वयंपाकघरात काम करून आला होता, आपल्या ग्रंथात टोमॅटोच्या आटवलेल्या रसाची कृती दिली. महेश्वरी तेव्हा अहिल्यादेवींचा कारभार चालू होता. आणि १८३९ साली इप्पोलितो काव्हाल्कान्ती या सरदाराच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. तिला त्याने एक पुरवणी जोडली, साध्या घरगुती स्वयंपाकाची, आणि तीही दरबारी इटालियनमध्ये नव्हे तर नेपल्सच्या बोलीत. त्या पुरवणीत टोमॅटोतल्या व्हर्मिचेल्लीची, म्हणजे बारीक पास्त्याची, कृती आहे. घराघरांत ते आधीपासून होत असणार. सरदाराने बोलीसकट उचलून ते कागदावर आणले. मंदसोरच्या तहाला आणि इंदूर होळकरांची राजधानी होण्याला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. जगभर जे 'प्राचीन इटालियन' म्हणून खपते त्याचे वय असे आमच्या राजवाड्याच्या आसपास भरते.

पण पुस्तकात येणे वेगळे आणि रोजच्या ताटात येणे वेगळे. टोमॅटो हे उन्हाळ्याचे पीक. नेपल्सला तो जुलै ते सप्टेंबर भरपूर, आणि मग नऊ महिने काही नाही. शिवाय त्यात शेकडा ९४-९५ भाग पाणी. चार दिवसांत मऊ, आठ दिवसांत बुरशी. जो पदार्थ तीन महिने मिळतो तो पाहुणा राहतो, घरचा होत नाही. आमच्या मते या इतिहासातला खरा पराक्रम रस शोधण्याचा नाही, तो डिसेंबरपर्यंत टिकवण्याचा आहे. आणि तो बहुतांशी बायकांनी केला.

जुनी रीत उन्हाची. टोमॅटो शिजवून गाळायचे, मीठ घालायचे, आणि लाकडी फळ्यांवर पातळ थर पसरून गच्चीवर ठेवायचे. सिसिलीत अजूनही काही घरी करतात. दिवसभर ढवळायचे, रात्री आत घ्यायचे, सकाळी पुन्हा बाहेर. तीनचार दिवसांत रस गडद तपकिरी, गोळा करता येईल इतका घट्ट होतो. दहा किलो टोमॅटोचा जेमतेम किलोभर गोळा. तो बरणीत दाबून वर तेल. थंडीत त्यातला चमचाभर पाण्यात विरघळवला की रस तयार. ज्यांनी कुरडयांचा चीक आणि सांडग्यांची परात गच्चीवर राखली आहे, कावळे हाकलले आहेत, आभाळ आल्यावर धावत जिने चढले आहेत, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

दुसरी रीत उष्णतेची. फ्रान्समध्ये निकोलस अपेर नावाच्या हलवायाने बाटलीत अन्न भरून, घट्ट बूच मारून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची युक्ती काढली. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. सैन्याला टिकाऊ अन्न हवे होते. हे का टिकते ते त्याला माहीत नव्हते. पाश्चरचे काम पुढचे. त्याच वर्षी लंडनमध्ये डब्याचे पेटंट निघाले. इटलीत १८५६ साली तुरिन शहरात फ्रान्चेस्को चिरिओ या वीस वर्षांच्या तरुणाने डबाबंद वाटाण्याचा धंदा सुरू केला. तुरिन उत्तरेला, टोमॅटोचा मुलूख दक्षिणेला. मध्ये वेगवेगळी राज्ये. १८६१ साली देश एक झाला आणि चिरिओचा धंदा पुढे दक्षिणेत गेला. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत सान मार्झानो जातीचा लांबट, गरदार, कमी बियांचा टोमॅटो पिकतो. तो सोलून डब्यात भरायला जणू मुद्दाम घडवलेला. इकडे पार्मा भागात मोठमोठ्या बंद भांड्यांतली हवा काढून घेऊन रस आटवू लागले. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे रस करपत नाही आणि रंग लाल राहतो. पॉलिटेक्निकात हे तत्त्व आम्ही एका आकृतीसह पाच गुणांसाठी लिहिले होते. त्याचा जेवणाशी संबंध असेल असे कोणी सांगितले नव्हते.

आणि तिसरी रीत, जी आजही दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये दिसते, ती या दोन्हींच्या मधली. अख्खे कुटुंब एका अंगणात जमते. टोमॅटो धुणे, उकळणे, हाताने फिरवायच्या यंत्रातून साल-बिया वेगळ्या करणे. त्या गाळलेल्या रसाला पासाता म्हणतात. तो बाटल्यांत भरतात, कित्येकदा बियरच्या जुन्या बाटल्यांत. प्रत्येकीत बेझिलचे एक पान. बेझिल म्हणजे आपल्या तुळशीची बहीण. ज्या झाडाचे बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो, तेच. मग झाकणे ठोकून बाटल्या मोठ्या पिंपात रचायच्या, एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये चिंध्या, वर पाणी, खाली लाकडे. उकळी धरून ठेवायची आणि नंतर पिंप तसेच रात्रभर थंड होऊ द्यायचे. घाईने बाटली बाहेर काढली तर तडकते. हे एवढ्याने टिकते, कारण टोमॅटो मुळात आंबट. घातक जंतू त्या आंबटपणात वाढत नाहीत. हीच गोष्ट वाटाण्याबाबत घरी केली तर जिवावर बेतेल, हेही येथे नमूद करून ठेवतो.

१८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुसी या सत्तरी ओलांडलेल्या, रेशमाच्या व्यापारातून निवृत्त झालेल्या गृहस्थाने फ्लोरेन्समध्ये स्वखर्चाने एक पाकपुस्तक छापले. प्रती १,०००. कोणी प्रकाशक घेईना. पुढे त्याच्या हयातीतच आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेली, ४७५ कृतींच्या ७९० झाल्या, आणि ते नव्या इटलीच्या घराघरांतले पुस्तक ठरले. आपल्याकडच्या 'रुचिरा'ची आठवण व्हावी असे. त्यात टोमॅटोच्या रसाआधी तो एका पाद्र्याची गोष्ट सांगतो. पाद्री भला, पण साऱ्या गावाच्या प्रत्येक भानगडीत नाक खुपसणारा; म्हणून लोकांनी त्याचे नाव ठेवले डॉन पोमोदोरो, कारण टोमॅटोही असाच सगळ्यांत घुसतो. मग आर्तुसी बजावतो की साल्सा वेगळा आणि सूगो वेगळा. साल्सात कांदा, लसूण, सेलरी, बेझिल, पार्स्ली असा सगळा गोतावळा. सूगो साधा : टोमॅटो शिजवायचे, गाळायचे, फार तर दोन पाने. बस. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, शेवटी कामाला येणार आहे.

१८९१. दोन वर्षांनी, १८९३ साली, लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला. नाना ज्याला आपलं म्हणतात आणि आम्हीही म्हणतो, तो हा उत्सव त्याच दशकातला. म्हणून तो कमी आपला होत नाही. उपासाची साबुदाणा खिचडी घ्या : साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदाचा तो अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, हिरवी मिरची अमेरिकेची. टोमॅटो तेवढा उपासाला चालत नाही, कारण त्याला यायला उशीर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही हिंदुस्थानात तो मुख्यतः साहेब लोकांसाठी लावला जाई. आपल्याला त्याची निकडही नव्हती. आंबट करायला चिंच होती, आमसूल होते, ताक होते, कैरी होती.

पण आम्हाला या सगळ्या वाचनात सर्वांत जवळची वाटली ती गोष्ट इटलीत घडलेली नाही. १८८० ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ३० लाख माणसे इटली सोडून बाहेर गेली. बहुतेक दक्षिणेतली, गरीब. त्यांतली लाखो न्यूयॉर्कला उतरली. घरी असताना ती स्वतःला इटालियन म्हणत नसत. कोणी सिसिलीचा, कोणी कलाब्रियाचा, कोणी नेपल्सचा; एकाची बोली दुसऱ्याला कळत नसे, आणि पुष्कळांच्या घरी रोज पास्ता परवडतही नसे. तो सणासुदीचा. परमुलुखात गेल्यावर शेजाऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिले, आणि मग त्यांनीही ते घेतले. पगार बरा मिळू लागला, मांस स्वस्त मिळाले, आणि नेपल्सहून डबाबंद टोमॅटो जहाजाने येऊ लागले. रविवारी सकाळपासून मंद आंचेवर रस रटरटत ठेवायचा आणि दुपारी सगळ्यांनी एकत्र बसायचे, हा त्यांचा कुलाचार झाला. स्पॅगेटीवर मांसाचे मोठे गोळे हा प्रकार तर तिथेच जन्मला. इटलीत तो तसा कोणी खात नसे. नेपल्समध्येही रविवारचा रागू सहासहा तास शिजतो, आणि एदुआर्दो दे फिलिप्पो या नाटककाराने १९५९ साली त्या रागूभोवती एक तीन अंकी नाटक रचले. पण घर सोडलेल्यांनी त्या रसाला जितके घट्ट धरले, तितके घरच्यांना धरावे लागले नाही.

आमचे पणजोबा वाईकडून होळकरांच्या चाकरीत आले. नानांचे पूर्वज कोकणातून, आमच्या वहिनींचे माहेर वऱ्हाडात, खजिनदारांचे मूळ बेळगावकडे. महाराष्ट्रात ही चार घरे एकमेकांच्या आमटीला नावे ठेवीत बसली असती. इथे आमची एकच 'महाराष्ट्रीय आमटी' आहे, आणि ती खरी म्हटली तर कोणत्याच एका गावची नाही. मोहरीच्या फोडणीबरोबर माळव्याची बडीशेपही तिच्यात कधी शिरली, कोणाला आठवत नाही. नाना जेव्हा "आपलं ते करा" म्हणतात, तेव्हा ते काय राखू पाहतात हे आम्हाला त्या न्यूयॉर्कच्या रविवारांमुळे कळले. गेल्या वर्षी बैठकीत ते आम्हाला नुसते हट्टी वाटले होते. ते आम्ही इथे लिहून ठेवतो.

यंदा फेब्रुवारीत इंदूरच्या मंडीत टोमॅटो मातीमोल झाला. आम्ही वीस किलो आणला. पहिला डाव फसला : गावठी, गोल, रसरशीत टोमॅटो घेतले आणि लसूण तेलात काळा होऊ दिला. पाणीच पाणी, वर कडवट. त्याची भाजी करून संपवली. दुसऱ्या खेपेस लांबट, गरदार टोमॅटो निवडले. उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग गार पाण्यात, की साल हाताने निघते. शिजवून पुरणयंत्रातून काढले. पुरणयंत्र या कामाला इटालियन यंत्राइतकेच चालते. अर्ध्या लिटरच्या बावीस बाटल्या भरल्या, गच्चीवर पिंपात चिंध्या घालून उकळल्या, रात्रभर तशाच ठेवल्या. एक बाटली तडकली. मे महिन्यात आणखी एकीचे झाकण फुगलेले दिसले, ती न उघडता फेकून दिली. झाकण फुगलेली बाटली चाखूनसुद्धा पाहू नये.

हा लेख संपादकांना देण्याआधी आम्ही नानांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. स्काप्पीच्या साखर-दालचिनीपाशी हसले. आमच्या आजींच्या उल्लेखापाशी म्हणाले, "तुझ्या आजीच्या हातचं ताक मात्र पुन्हा कुठे मिळालं नाही." मग बराच वेळ गेला. शेवटी विचारले, "कांदा-लसूण घालावाच लागतो का रे? चातुर्मास आहे." आम्ही आर्तुसीचा सूगो सांगितला : टोमॅटो, तेल, मीठ आणि सब्जाची दोन पाने. ते म्हणाले, "मग तसं कर."

त्याप्रमाणे यंदाच्या इतिवृत्तात स्टॉल क्रमांक ९, साबुदाणा वड्याच्या शेजारी, मुलींच्या नावे लिहिला आहे. मुलींनी दीडशे कुपने छापायची मागणी केली आहे. आमच्याकडे बाटल्या उरल्या आहेत वीस, आणि एका बाटलीत सहा प्लेटा होतात. तेव्हा कुपने एकशे वीसच छापावीत, असे आम्ही खजिनदारांना कळवले आहे.